31, 24 की 33 : पाणबुडीवरचा लघुप्रबंध लिहिताना

इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात लघुप्रबंधासाठी एखाद्या शौर्यपदक मिळालेल्या नौदल अधिकाऱ्याची युद्धकाळातील सेवा हा विषय घेणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. पॅसिफिकमधील युद्धाची रूपरेषा तुम्हाला ठाऊक आहे, असे गृहीत धरतो. कोल्हापुरात बसून मी ‘टँग’ या अमेरिकी पाणबुडीचे कप्तान रिचर्ड ओकेन यांच्यावर लिहायला घेतले, तेव्हा पदकप्राप्त माणसाचे कागद आयते मिळतात आणि म्हणून काम सोपे असते, अशी माझी समजूत होती. कागद खरोखरच मिळाले, गस्तीचे अहवाल राजारामपुरीतल्या खोलीवर बसून वाचता आले, आणि त्यांनीच माझा घात केला.

ओकेन यांची सेवा थोडक्यात सांगता येते. ‘वाहू’ पाणबुडीवर डडली मॉर्टन यांच्या हाताखाली ते दुय्यम अधिकारी होते. ऑक्टोबर 1943 मध्ये टँग नौदलात दाखल झाली, तेव्हापासून ते तिचे कप्तान. 1944 मध्ये तिने पाच गस्ती घातल्या. 24-25 ऑक्टोबरच्या रात्री तैवानच्या सामुद्रधुनीत तिचा शेवटचा टॉर्पेडो वर्तुळाकार फिरून तिच्यावरच आदळला. 87 जणांपैकी 9 वाचले, ओकेन त्यांतले एक, आणि युद्ध संपेपर्यंत ते जपानी कैदेत राहिले. मार्च 1946 मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक दिले.

आता माझी चूक, जी मी सविस्तर सांगणार आहे. युद्धकाळात टँगच्या नावावर 31 जहाजे आणि 2,27,800 टन अशी नोंद झाली होती. लष्कर आणि नौदल यांच्या संयुक्त समितीने 1947 मध्ये जपानी नोंदी ताडून हा आकडा 24 जहाजे आणि 93,824 टनांवर आणला. दोन आकडे शेजारी मांडले आणि ‘कप्तानांच्या अहवालात अतिशयोक्ती दिसते’ असे वाक्य मी ठोकून दिले. त्या वाक्याचा मला अभिमानही वाटत होता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फक्त एवढेच विचारले की तिसऱ्या गस्तीचे काय. त्या गस्तीत ओकेन यांनी 8 जहाजे बुडवल्याचे कळवले होते आणि समितीने 10 मान्य केली. पाचव्या गस्तीत उलट घडले. 13 ची 7 झाली. मी एकूण बेरजा वाचल्या होत्या, गस्तवार रकाने तपासलेच नव्हते.

खासबागेच्या मैदानात पैलवान चितपट झाला की नाही, हे पंच आणि हजारो प्रेक्षक उघड्या डोळ्यांनी पाहतात. पाणबुडीच्या कप्तानाला ती सोय नसते. रात्री टॉर्पेडो सोडून पाणबुडी तोंड फिरवते, आणि मग स्टॉपवॉच हातात धरून ऐकलेल्या स्फोटांवरून काय बुडाले, याचा अंदाज बांधावा लागतो. टॉर्पेडो वाटेतच फुटू शकतो, जखमी जहाज बंदर गाठू शकते, किंवा ज्यावर नेम धरला ते सोडून मागचे जहाज बुडू शकते. 24 जून 1944 रोजी नागासाकीजवळ टँगने सहा टॉर्पेडो सोडले. अहवालात दोन जहाजे आली, प्रत्यक्षात चार बुडाली होती. त्यांतल्या ‘तामाहोको मारू’वर दोस्तराष्ट्रांचे 772 युद्धकैदी होते आणि त्यांपैकी 560 मरण पावले. कप्तानाला रात्रीच्या अंधारात हे सगळे दिसणे शक्य नव्हते. समितीलाही मर्यादा होत्या. 500 टनांखालची व्यापारी जहाजे तिने मोजलीच नाहीत. नंतरच्या फेरतपासणीत टँगचा आकडा 33 जहाजे आणि 1,16,454 टनांवर गेला.

भागाकार केला असता तरी मी सावध झालो असतो. 31 जहाजांची सरासरी सुमारे 7,350 टन येते, 24 ची सुमारे 3,900. म्हणजे जहाजे बुडाली की नाही यापेक्षा ती किती मोठी होती, यात अंदाज अधिक चुकला होता, आणि रात्रीच्या अंधारात तसे होणे स्वाभाविक आहे.

मार्गदर्शकांविषयी माझे मत कटू आहे. प्रत्येक मसुद्यावर ‘छान आहे’ लिहिणारे गुरुजी सर्वांत महाग पडतात. माझा तक्ता एकदा जरी कोणी मोठ्याने वाचला असता, तर परीक्षकांसमोर मान खाली घालावी लागली नसती. पदकासोबतच्या सन्मानपत्राचे भाषांतर करून त्यालाच प्रकरण म्हणणाऱ्यांनी तर हा विषय घेऊच नये. मात्र इंग्रजी कच्चे आहे किंवा समुद्र पाहिलेला नाही म्हणून घाबरू नका. अहवालांतली तांत्रिक भाषा ठरावीक असते आणि दोन गस्ती वाचून झाल्या की ती अंगवळणी पडते. मलाही तीन आठवडे काहीच कळत नव्हते.

परीक्षकांनी दुरुस्तीसाठी महिनाभराची मुदत दिली. मी तक्ता गस्तवार लावला आणि प्रत्येक गस्तीपुढे कप्तानांचा दावा, समितीचा निर्णय आणि फेरतपासणी असे तीन रकाने केले. दुसऱ्या गस्तीसमोर पहिल्या प्रतीत मी ‘निष्फळ’ लिहून पुढे गेलो होतो, कारण त्या गस्तीत एकही जहाज बुडाले नव्हते. नव्या प्रतीत शून्य तसेच ठेवले आणि एक चौथा रकाना जोडला: ट्रुक बेटांजवळ समुद्रात पडलेले 22 अमेरिकी वैमानिक व हवाई कर्मचारी वाचवले.