खाऱ्या वाऱ्यात जुना रेल्वे डबा जपताय? या चुका टाळा

1998 साली कोकण रेल्वे देशाला अर्पण झाली आणि 2022 साली तिच्या संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालं. म्हणजे आपल्याकडचा डिझेलचा काळही आता मागे पडत चाललाय. निळा आयसीएफ डबा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचा), गँगमनची ट्रॉली, हातसिग्नलचा दिवा हे सगळं आता जपण्याच्या यादीत येतं, आणि कुणी शाळेच्या आवारात किंवा रिसॉर्टच्या अंगणात असं काही आणून ठेवलं की मनापासून आनंद होतो. फक्त घाटावरचे नियम इथे चालत नाहीत. देशावर उघड्यावर तग धरणारं लोखंड किनाऱ्यावर फार लवकर हार मानतं.

आधी रंग, मग छप्पर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, म्हणून गंजावरूनच रेड ऑक्साइडचा हात मारतात आणि वर चकचकीत इनॅमल. फोटो छान येतात. पण गंजात मुरलेलं मीठ रंगाखाली तसंच राहतं, हवेतला ओलावा ओढत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात. फोड फोडून पाहिला की आत ओला, तपकिरी भुगा.

पैसे कमी असतील तर रंग थांबवा, छप्पर उभारा. चारही बाजूंनी बंद शेड मात्र नको; आत घाम धरतो. छपराची पाख दोन्ही बाजूंना चांगली बाहेर काढा आणि नैर्ऋत्येकडून येणारी झड अडवायला त्या बाजूला आडोसा करा, आपण पावसाळ्याआधी पडवीला झाप बांधतो तसा, खालून वारा खेळता ठेवून. ताडपत्री घट्ट गुंडाळणं तर टाळाच. बाहेरचं पाणी अडतं, आतला दमटपणा अडकतो.

रंगकाम पाऊस सरल्यावर, हवा कोरडी झाली की घ्या. आधी गोड्या पाण्याने पत्रा धुऊन मीठ काढा, पूर्ण वाळू द्या, गंज काढा आणि त्याच दिवशी प्रायमर लावा. एक रात्र मोकळा ठेवलेला पत्रा सकाळी पुन्हा तांबूस झालेला असतो.

गंज काढायला समुद्राची वाळू मारण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या वाळूबरोबर मीठच पत्र्यात घुसतं, आणि तिची बारीक धूळ कामगाराच्या फुप्फुसांना कायमची इजा करते. गार्नेट या खनिजाचे कण वापरा, नाहीतर सरळ वायर ब्रश.

पाणी साचतं तिथे बघा

आयसीएफ डब्याचा बाहेरचा पत्रा शाबूत दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. हा डबा सडतो खालून: संडासाखाली, दरवाजांच्या उंबऱ्याशी आणि सोलबारमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंनी लांबलचक जाणाऱ्या खालच्या तुळईत. लहान हातोडीने तिथे हातभर अंतरावर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला की आत पापुद्रे सुटलेत असं समजा. प्लायखाली नालीदार पत्र्याची जमीन असते आणि पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. धूळ, पालापाचोळा आणि वर्षानुवर्षांच्या रंगाने ती बुजतात. तारेने मोकळी करा, आणि हे काम दर वर्षी मेअखेर न चुकता करा.

भोक पडलेल्या जागी सिमेंट किंवा पुट्टी भरणं म्हणजे रोग झाकणं. सडलेला तुकडा कापून नवीन पत्राच वेल्ड करायला हवा.

चाकं काँक्रीटमध्ये पुरू नका. काँक्रीट आणि लोखंड जिथे भेटतात, तिथेच पाणी थांबतं. खडी, स्लीपर, त्यावर रूळ आणि पाण्याला उतार, एवढं पुरतं. आणि जळकं ऑइल फासायची सवय सोडा. त्यावर धूळ चिकटते, धुळीत मीठ.

वाफेचं इंजिन असेल तर

स्मोकबॉक्समधली, म्हणजे पुढच्या टोकाला धुराड्याखाली असलेल्या कप्प्यातली, काजळी आणि राख पूर्ण काढा. ती ओली झाली की आम्ल तयार होतं आणि पत्रा आतून खातं. धुराड्यावर टोपी हवी, पण बॉयलरचे वॉशआउट प्लग (आतून धुण्यासाठीच्या भोकांची बुचं) उघडे ठेवा, म्हणजे आत हवा फिरते. बॉयलरभोवतीचं जुनं आवरण ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, म्हणून ते स्वतः खरवडू नका. त्यासाठी प्रशिक्षित माणूसच बोलवा.

लाकूड आणि ओळख

वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल आपल्याकडे होड्यांना लावत आले आहेत. डब्याखालच्या, न दिसणाऱ्या लाकडाला ते चालेल. आतल्या पॉलिशच्या सागवानाला लावलंत तर काळा डाग कायमचा बसतो, मूळ रंग परत मिळत नाही.

खरवडण्याआधी सगळ्या अक्षरांचे फोटो घ्या. डब्याच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे साधारणपणे बांधणीचं वर्ष सांगतात, आणि टोकाच्या भिंतीवर कारखान्यातल्या मोठ्या दुरुस्तीची तारीख असते. वितभर जागेतला जुना रंग थरांसकट तसाच राखून ठेवा. पितळी पाट्या काढून आत कुलपात ठेवा, बाहेर नक्कल लावा.

लहान उपकरणांचं नुकसान सगळ्यात जास्त होतं, कारण त्यांची किंमत कळत नाही. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून स्टेशनात ठेवलेलं नीलचं टोकन यंत्र घ्या. आतला गोळा मिळाल्याशिवाय ड्रायव्हरला पुढच्या खंडात, म्हणजे पुढच्या स्टेशनापर्यंतच्या मार्गात, जायची परवानगी नसे. प्रदर्शनात ठेवताना वजन कमी व्हावं म्हणून आतली कॉइल, कुलूप भंगारात देतात आणि लाल रंगाची नुसती पेटी उरते. तसं करू नका. आतले भाग जागेवर ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जवळपासच्या निवृत्त सिग्नल मेंटेनरला बोलावून ते कसं चालतं ते त्यांच्याकडून समजून घ्या, व्हिडिओ करा.