मित्रांची गोल्फ स्पर्धा ठेवताय? सोलापूरकरांनो, या चुका टाळा

दिवाळी झाली की ग्रुपवर मेसेज सुरू होतात, यंदा गोल्फ कधी, कुठं, कोण कोण येणार. आठ-बारा जणांची मंडळी, त्यातले दोन-तीन पुण्यात नोकरीला असल्यामुळं नेमानं खेळणारे, बाकीचे इकडं विजापूर रोडला कुणाच्या तरी मळ्यात चिप म्हणजे जवळचे छोटे फटके मारून हात साफ करणारे. असल्या ग्रुपची स्पर्धा खराब शॉटमुळं कधीच बिघडत नाही, आदल्या दिवशी जे ठरवायला पाहिजे होतं ते ठरवलं नाही म्हणून बिघडते. सातव्या-आठव्या होलला निम्म्या लोकांना कळून चुकतं की आपलं आता काही खरं नाही, मग मोबाईल बाहेर येतात, गप्पा सुरू होतात, आणि पुढच्या वर्षी ते चार जण "मला जमणार नाही रे" म्हणतात. माझं म्हणणं एकच आहे, ग्रुपमध्ये ज्याला सगळ्यात कमी येतं तो अठराव्या होलपर्यंत स्पर्धेत राहिला पाहिजे. खाली जे लिहिलंय ते सगळं त्याच हिशोबानं लिहिलंय.

सगळ्यात मोठी चूक : एकूण फटके मोजायचे

टीव्हीवर तसं बघतो म्हणून आपण पण तसंच करतो, अठरा होलचे फटके मिळवायचे आणि ज्याचे कमी तो जिंकला. पण एक जण ९० मारणारा आणि दुसरा १३० मारणारा असेल तर ही स्पर्धा पहिल्या टीवरच, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरच, संपलेली असते. शिवाय नवख्या माणसाचा एखाद्या होलला बॉल बंकरमध्ये म्हणजे वाळूच्या खड्ड्यात अडकला आणि तिथं बारा-तेरा फटके गेले की पुढचे सगळे होल त्याच्यासाठी नुसती पायपीट.

यावर उपाय जुना आणि पक्का आहे, स्टेबलफर्ड. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या माणसानं ही पद्धत काढली आणि इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबात १९३२ मध्ये ती स्पर्धेत वापरली गेली. यात फटके नाही, पॉइंट मोजायचे. हँडिकॅपचे, म्हणजे कमी येणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीचे, फटके वजा करून त्या होलला पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेला फटक्यांचा आकडा, आला तर २ पॉइंट, एक जास्त म्हणजे बोगी आली तर १, त्याहून वाईट कितीही आलं तरी ०. बर्डीला म्हणजे एक कमी आला तर ३, ईगलला म्हणजे दोन कमी आले तर ४. म्हणजे एका होलला कितीही वाट लागली तरी नुकसान एवढंच की तिथले पॉइंट मिळाले नाहीत, पुढच्या टीवर परत सगळे सारखे. आणि आता पॉइंट मिळणार नाही असं दिसलं की बॉल उचलायचा, त्यामुळं मागचा ग्रुप पण ताटकळत नाही.

जरा आकड्यात बघू. पार ४ चा होल आहे आणि तुम्हाला तिथं एक फटका जास्तीचा मिळतोय, तर तुमच्यासाठी तो पार ५ झाला. पाचात टाकला २ पॉइंट, सहात १, चारात टाकला तर ३, सातवा मारायची वेळ आली की बॉल खिशात. अठरा होलला दोन-दोन धरले तर ३६ होतात, म्हणून ज्याचे ३६ च्या आसपास आले तो आपल्या हँडिकॅपप्रमाणं खेळला असं समजायचं. एकाचा हँडिकॅप ८ असो नाहीतर ४०, दोघांनी गाठायचा आकडा ३६ च.

हँडिकॅप अंदाजानं देऊ नका

इथंच सगळ्यात जास्त भांडणं होतात, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो. "त्याला वीस द्या, याला पंचवीस द्या" असं गाडीत बसून ठरवलं की जिंकणाऱ्यावर संशय येतोच येतो. ज्यांच्याकडं अधिकृत हँडिकॅप इंडेक्स आहे त्यांचा पण तो आकडा जसाच्या तसा वापरायचा नसतो, कारण प्रत्येक कोर्स सारखा अवघड नसतो, किती अवघड ते स्लोप रेटिंग आणि कोर्स रेटिंग या दोन आकड्यांत सांगतात. इंडेक्सला त्या टीच्या स्लोप रेटिंगनं गुणायचं, ११३ नं भागायचं आणि कोर्स रेटिंगमधून पार वजा करून जो फरक येईल तो त्यात मिळवायचा. समजा इंडेक्स २०, स्लोप १२५, कोर्स रेटिंग ७१ आणि पार ७२. तर २० गुणिले १२५ भागिले ११३ म्हणजे साधारण २२.१, त्यातून एक गेला, राहिले २१.१. एकेकट्याच्या स्टेबलफर्डला याच्या ९५ टक्के घेतात, म्हणजे २०. हे सगळे आकडे कार्डावर नाहीतर क्लबात मिळतात, आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि ज्याचा त्याचा आकडा ग्रुपवर टाकून द्या.

मग वीस फटके मिळाले म्हणजे ते कुठं वापरायचे? आपल्याला वाटेल तिथं नाही. कार्डावर स्ट्रोक इंडेक्सचा कॉलम असतो, १ म्हणजे सगळ्यात अवघड. वीसवाल्याला प्रत्येक होलला एक आणि इंडेक्स १ आणि २ च्या होलला दोन-दोन.

ज्यांच्याकडं हँडिकॅपच नाही त्यांचं काय, हा खरा प्रश्न, कारण आपल्याकडं बहुतेक ग्रुपात असेच जास्त असतात. १८ होलची तीन कार्डं असतील तर क्लबात सांगून हँडिकॅप काढून घेता येतो. अगदीच नवा असेल तर त्याला सरळ ५४ द्या, २०२० पासून जगभर जी पद्धत सुरू झाली त्यात हाच सगळ्यात मोठा हँडिकॅप आहे. प्रत्येक होलला तीन फटके जास्तीचे, म्हणजे पार ४ चा होल त्यानं सातात टाकला तरी दोन पॉइंट. नवख्याला सातात टाकणं जमतं, आणि जमलं की त्याचा चेहरा बघा.

निम्म्याहून जास्त जण बिनहँडिकॅपचे असतील तर मात्र पिओरिया पद्धत घ्या. न खेळणाऱ्या कुणीतरी आधीच गुपचूप सहा होल निवडायचे, दोन पार ३ चे, दोन पार ४ चे, दोन पार ५ चे, आणि पाकिटात बंद करून ठेवायचे. खेळ संपल्यावर पाकीट उघडायचं, प्रत्येकाचे त्या सहा होलचे फटके मिळवून तीननं गुणायचं, त्यातून अख्ख्या कोर्सचा पार वजा करायचा आणि आलेल्या आकड्याच्या ८० टक्के हा त्याचा त्या दिवसाचा हँडिकॅप. सहा होलला ३६ फटके झाले तर १०८, त्यातून ७२ गेले ३६ राहिले, त्याचे ८० टक्के २८.८. हे एकूण फटक्यांतून वजा करायचे. यात एक काळजी घ्या, कुठल्याही होलला पारच्या दुप्पट फटके झाले की तिथंच थांबायचं हे आधी सांगा, नाहीतर एखाद्या होलचे पंधरा फटके हँडिकॅप नको तेवढा फुगवतात. आणि पिओरिया आणि स्टेबलफर्ड एकत्र करू नका, एकात हँडिकॅप खेळ संपल्यावर कळतो आणि दुसऱ्यात आधी लागतो, सगळा घोळ होतो.

पहाटे तीनला निघायचं नाही

सोलापूर ते पुणे २५० किलोमीटरच्या आसपास. "पहाटे तीनला निघू, सातला टी-ऑफ घेऊ" हे बोलायला बरं वाटतं, पण मोहोळ-टेंभुर्णी-इंदापूर करत चार-साडेचार तास गाडीत आखडून बसलेली कंबर पहिल्या ड्रायव्हला फिरतच नाही, आणि रात्रभर न झोपलेला माणूस गाडी चालवतोय ही तर त्याहून काळजीची गोष्ट. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली तर पुण्यात उतरेपर्यंत सकाळचे टी-टाइम निघून गेलेले असतात. आदल्या संध्याकाळी जा. आणि कोर्स ठरवताना रस्त्याचा पण विचार करा, आपण हडपसरच्या बाजूनं शहरात शिरतो, तिथून येरवड्याचं पूना क्लबचं कोर्स जवळ पडतं, बावधनच्या ऑक्सफर्डला जायचं तर अख्खं पुणे ओलांडावं लागतं आणि ते कोर्स डोंगरातलं आहे, चढ-उतार भरपूर.

तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली बरी, उन्हात चार-साडेचार तास चालायला नको. फक्त संक्रांतीच्या आसपास ठेवू नका, सिद्धेश्वरांचा गड्डा आणि नंदीध्वजांची मिरवणूक सोडून कुणी येणार नाही आणि येऊ पण नये.

अजून एक, आपला सराव कडक मुरमाड जमिनीवर झालेला असतो. तिथं बॉल टप्पा पडून पळतो, हिरव्या गवतावर तेवढा पळत नाही, आणि ग्रीनवरचा पट, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावरून बॉल होलमध्ये ढकलायचा फटका, तर वेगळाच लागतो. टी-टाइमच्या पाऊण तास आधी पोचा आणि त्यातला जास्त वेळ पटिंग ग्रीनवर घालवा, रेंजवर ड्रायव्हर बडवत बसू नका.

बॉल हरवला की काय, हे आधी ठरलेलं पाहिजे

बॉल झाडीत गेला. सगळे शोधायला गेले. पाच मिनिटं झाली, सात झाली, मागचे हात वर करून उभे. २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात, त्यानंतर तो बॉल हरवलेला. हरवला किंवा पांढऱ्या खुंट्यांच्या बाहेर गेला तर एक फटका दंड आणि परत जिथून मारला होता तिथूनच मारायचा. आता दोनशे यार्ड चालत गेलेला माणूस परत टीवर येणार कसा? म्हणून शंका आली की तिथंच दुसरा बॉल मारून ठेवायचा, पण मारायच्या आधी "प्रोव्हिजनल मारतोय" असं मोठ्यानं म्हणायचं. न म्हणता मारला तर तोच बॉल खेळात आला, पहिला बॉल मग फेअरवेच्या, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या, मधोमध सापडला तरी उपयोग नाही.

मित्रांच्या खेळाला मी तर म्हणेन की स्थानिक नियम म्हणून दोन फटक्यांची सवलत आधीच जाहीर करा. बॉल जिथं हरवला किंवा बाहेर गेला त्याच्या आसपास, फेअरवेच्या कडेपर्यंत येऊन, दोन फटके दंड घेऊन ड्रॉप करायचा, होलच्या जवळ मात्र जायचं नाही. क्लबांसाठी नियमात ही सोय आहेच. प्रोव्हिजनल मारलेला असेल तर ही सवलत मिळत नाही एवढं लक्षात ठेवा. पाण्यात गेला, म्हणजे लाल किंवा पिवळ्या खुंट्यांच्या आत, तर एकच फटका दंड. आणि ड्रॉप आता गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नाही.

दुसऱ्याचा बॉल मारणं ही पण नेहमीची गोष्ट, कारण सगळ्यांनी एकाच दुकानातून एकाच कंपनीचे १ नंबरचे बॉल घेतलेले असतात. फटके मोजायच्या खेळात याला दोन फटके दंड आहे आणि पुढच्या टीवर मारायच्या आधी चूक दुरुस्त केली नाही तर माणूस बाद. स्टेबलफर्डला पण दंड दोनच फटके, पण दुरुस्त केली नाही तर माणूस बाद होत नाही, तेवढ्या होलचे पॉइंट जातात. मार्कर पेननं दोन ठिपके द्या, आद्याक्षर लिहा, काय पण करा, आणि पहिल्या टीवर एकमेकांना दाखवा.

"जाऊ दे, उचल" म्हणायची सवय

दोन फुटावरचा पट समोरच्यानं सोडून दिला, हे फक्त मॅच प्लेमध्ये, म्हणजे होलागणिक हार-जीत मोजायच्या खेळात, चालतं. स्टेबलफर्ड असो नाहीतर फटके मोजायचे असोत, पॉइंट किंवा आकडा पाहिजे तर बॉल होलमध्ये पडलाच पाहिजे. एका चौकडीत सोडायला लागले आणि दुसऱ्या चौकडीत प्रत्येक पट मारून घेतला तर निकालाला काही अर्थ राहत नाही. झेंडा आत ठेवून पट मारला तरी आता दंड नाही, त्यामुळं तिथं वेळ घालवू नका.

वेळेचं म्हणाल तर पाच-पाच जणांचे गट करू नका. दहा जण असतील तर चार, तीन, तीन. जो तयार आहे त्यानं मारावं, लांबचा कोण, आधी कोण हे बघत उभं राहू नये. आणि चांगले खेळणारे सगळे एका गटात टाकायचा मोह आवरा, प्रत्येक गटात एक जाणता माणूस पाहिजे म्हणजे नवख्याला नियम सांगायला कुणीतरी असतं, आणि सांगताना आवाज जरा बेतानं, लोक शिकायला आलेत.

एखादा उशिरा आला तर काय? अधिकृत स्पर्धेत पाच मिनिटांपर्यंत दोन फटके दंड आणि पुढं बाद. आपल्यात एवढं नको, चुकलेल्या होलला शून्य पॉइंट धरा आणि जिथं गाठेल तिथून घ्या सामील करून.

कार्ड स्वतःचं स्वतः लिहू नका

कार्डं अदलाबदल करा आणि प्रत्येक होल संपल्यावर पुढच्या टीवर आकडा मोठ्यानं विचारा. "किती मारलास रे?" "सात." "आरं आठ झाले की, झाडातला धरलास का?" हे तिथंच मिटलं पाहिजे, चार होल गेल्यावर कुणालाच आठवत नसतं. कार्डात फक्त फटके लिहा, पॉइंटचा हिशोब शेवटी एकाच माणसानं करावा. दोघांचे सारखे झाले तर शेवटच्या नऊ होलचे पॉइंट बघतात, तिथं पण बरोबरी असेल तर शेवटचे सहा, मग तीन, मग अठरावा. हे पण खेळाआधी सांगून ठेवा, निकाल लागल्यावर सांगितलं की मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

बक्षिसाला रोख रक्कम ठेवू नका. हँडिकॅपच्या स्पर्धेत हौशी खेळाडूनं रोख बक्षीस घ्यायचं नसतं, आणि ग्रुपमधल्या कुणाला उद्या अधिकृत स्पर्धा खेळायच्या असतील तर उगाच भानगड नको. आपल्याकडं सोलापुरी चादर असताना दुसरं काही शोधायची गरजच काय, पहिल्याला चादर, दुसऱ्या-तिसऱ्याला टॉवेलचा सेट, टॉवेल तर गोल्फच्या बॅगेला लागतातच. पार ३ च्या एका होलला झेंड्याच्या सगळ्यात जवळ कोण याचं बक्षीस ठेवाच ठेवा, कारण नवख्या माणसाचा एक बॉल नेमका पडू शकतो आणि तिथं तो सगळ्यांना मागं टाकू शकतो. तिथं कागद लावलेली खुंटी ठेवा, ज्याचा बॉल जवळ त्यानं खुंटी हलवून नाव लिहायचं, बॉल ग्रीनवर असला तरच धरायचा. सगळ्यात लांब ड्राइव्हचं ठेवणार असाल तर तो फेअरवेवरच पाहिजे हे पण सांगा.

बक्षिसं जेवणाच्या टेबलावर लगेच वाटून टाका, "सोलापूरला गेल्यावर बघू" असं करू नका. काहींना संध्याकाळची गाडी धरायची असते, काही जण पुण्यातच नातेवाइकांकडं जातात, आणि एकदा पांगले की परत सगळे एका जागी यायला पुढची दिवाळी उजाडते. कार्डं ज्याच्याकडं जमा होतील त्यानं सगळ्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकावेत, म्हणजे कुणाला आपला आकडा तपासायचा असेल तर तो तिथंच तपासेल.