सँटोरिनीचा कडा वाचायचा कसा

सँटोरिनीला जाताय ना, मग निळे घुमट आणि सनसेटचे फोटो काढून झाले की एक दिवस दगडांसाठी ठेवा. ग्रीसचं हे चंद्रकोरीसारखं बेट म्हणजे फुटलेल्या ज्वालामुखीचा उरलेला काठ, मधला भाग खचला आणि समुद्र आत शिरला, त्यालाच कॅल्डेरा म्हणतात.

फिराच्या (गावाचं नावच फिरा, तेव्हा फिराच) जुन्या बंदरावरून बोट पकडा आणि कडा खालून वर बघत जा, खालचं जुनं, वरचं नवं. काळे पट्टे लाव्हाचे, लालसर ते लोखंड गंजलेल्या ज्वालामुखी खडीचे, आणि सगळ्यात वरचा पांढरा थर चुना नाही बरं का, ती साधारण 3600 वर्षांपूर्वीच्या मिनोअन स्फोटातली (तेव्हाच्या मिनोअन संस्कृतीवरून पडलेलं नाव) राख आणि प्युमिस, म्हणजे फेसासारखा सच्छिद्र ज्वालामुखी दगड, काही ठिकाणी पन्नासेक मीटर जाड, अक्रोतिरी हे त्या काळचं गाव याच्याखालीच गाडलं गेलं. या थरातही तळाला हलके एकसारखे खडे दिसतील, ते आकाशातून पडलेले, वर राखेत रुतलेले मोठे धोंडे, म्हणजे तोवर समुद्राचं पाणी आत शिरून स्फोट आणखी भडकला होता. प्युमिसचा खडा पाण्यात टाकून बघा, तरंगतो.

आपल्या सह्याद्रीतही असे आडवे पट्टे आहेत, पण तिथे पातळ बेसाल्ट आरामात पसरत गेला, इथला मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) बराच चिकट, त्यात वायू कोंडतो आणि मग धडाम.

पुढे कॅल्डेराच्या मधल्या नेआ कामेनी बेटावर उतरा, बूट घालूनच, स्लीपरची वाट लागेल. हे काळं बेट 1707 पासून समुद्रातून वर आलं, शेवटचा उद्रेक 1950 चा, अजून वाफा निघतात.

शेवटी ईशान्येच्या कोलुंबो बीचवर जाऊन समुद्राकडे बघा. काहीच दिसणार नाही, पण सातेक किलोमीटरवर कोलुंबो ज्वालामुखी आहे, काठ पाण्याखाली जेमतेम 18 मीटर, विवराचा तळ 500 मीटर. 1650 साली हा फुटला तेव्हा त्सुनामी आली आणि विषारी वायूने सँटोरिनीवर सत्तरेक माणसं आणि कितीतरी गुरं मेली. तळाशी 220 अंशांचे गरम झरे आहेत. 2025 च्या सुरुवातीला याच बाजूला हजारो भूकंप झाले, खाली मॅग्मा सरकत होता, अकरा हजारांवर लोक बेट सोडून गेले. म्हणून तिकीट काढण्याआधी भूकंपाच्या बातम्या बघा, आणि रेड बीच लांबूनच बघा, तिथे दरडी कोसळतात.