बास गिटारसाठी नखं किती ठेवावीत आणि तार कशी छेडावी

बास शिकायला कुणी नवीन आलं की मी आधी त्याचे हात बघतो, शाळेत प्रार्थनेनंतर बाई नखं तपासायच्या तसे. मुलं हसतात. पण पुढचा महिना कशात जाणार आहे, ते मला त्या दोन मिनिटांत बऱ्यापैकी कळतं.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली. आधी चार वर्षं क्लासिकल गिटार शिकलेली. उजव्या हाताची नखं दोन-तीन मिलिमीटर वाढवलेली आणि घासून सुरेख गोल केलेली. तिच्या हातात बास दिला, अँप सुरू केला आणि प्रत्येक सुराच्या आधी एक बारीक ‘टक्’ ऐकू यायला लागलं. तिनं टोनचं बटण पूर्ण बंद केलं, केबल बदलून पाहिली. शेवटी म्हणाली, “दादा, पिकअपमध्ये काही गडबड आहे का?” पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारा त्यांच्याखालचा भाग, ठणठणीत होता. तारेला आधी नख लागत होतं आणि मग बोट.

क्लासिकल गिटारवर त्याच नखांचं कौतुक होतं, कारण तिथे नायलॉनच्या बारीक तारा वाजवायच्या असतात आणि वाद्याला अँपशिवाय बोलतं करायचं असतं. बासचं गणित निराळं आहे. नेहमीच्या चार तारांच्या बासची सगळ्यात जाड मोकळी तार, म्हणजे ई, सेकंदाला जेमतेम 41 वेळा कंप पावते. नेहमीच्या संचात ती सुमारे 2.7 मिलिमीटर जाड असते आणि प्रत्येक तारेवर 15 ते 20 किलोच्या आसपास ताण असतो. एवढ्या जाड पोलादी तारेला नखासारखी टणक, अरुंद वस्तू लागली की तार एका बिंदूत झटकन वाकते आणि तिच्यातून वरचे, खडखडीत स्वरांश जास्त बाहेर पडतात. बोटाची गादी मऊ आणि रुंद. ती तारेला सावकाश सोडते, वरचे अंश आपोआप दबतात आणि मूळ सूर भरून येतो.

आपल्याकडे हा फरक फार पूर्वीपासून माहीत आहे. सतारीला बोटात नखी घालतात. तंबोरा मात्र मधल्या बोटाच्या आणि तर्जनीच्या मांसल भागानं छेडतात, नख लागू न देता, कारण त्यातून सलग, गोल आवाज हवा असतो. बास वाजवताना माझ्या मनात कायम तंबोऱ्याचा हात असतो. तो नुसता डोळ्यांसमोर आणला तरी अर्धं काम होतं.

आधी नखं

उजवा हात डोळ्यांसमोर धरा, तळवा स्वतःकडे, बोटं सरळ वर. बोटाच्या टोकामागून नख डोकावत असेल तर ते लांब आहे. मग तर्जनी टेबलावर उभी टेकवा आणि हलकेच ठोका. टिकटिक ऐकू आली तर अजून कापायला हवं. नुसता मऊ ‘थप’ आला तर ठीक.

पण जिव्हाळीपर्यंत कापू नका. पांढऱ्या भागाची केसाएवढी कड राहू द्या, साधारण अर्धा मिलिमीटर. नखामुळे बोटाच्या टोकाला मागून आधार मिळतो. फार खोल कापलं की गादी मागे ढकलली जाते, टोकाची नाजूक त्वचा उघडी पडते आणि तारेचा प्रत्येक घाव थेट तिथे बसतो. मी हे एका गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात शिकलो. दुपारी घाईघाईत नखं काढली, तर्जनीचं जास्तच आत गेलं. रात्री तीन तासांचा ऑर्केस्ट्रा. मध्यंतरापर्यंत ते बोट तारेला लावता येईना. उरलेली गाणी मी मधलं बोट आणि अनामिका यांवर ओढत नेली, आणि तालाला जो जडपणा आला तो मला अजून आठवतो. तेव्हापासून कार्यक्रमाच्या दिवशी नखांना हात लावत नाही. एक-दोन दिवस आधी कापायची, म्हणजे ताजी धारदार कड झिजते आणि बोटालाही सवय होते. तिन्हीसांजेला नखं काढू नयेत असं आजी म्हणायची. बासवाल्यानं ते जरूर ऐकावं.

कापण्याची वेळ आंघोळीनंतरची चांगली. पाण्यानं नख मऊ होतं, तडकत नाही. नेलकटरनं एका झटक्यात अख्खं नख न कापता तीन लहान तुकड्यांत कापा, बोटाच्या टोकाच्या वळणाप्रमाणे. कोपरे आत खोल कोरू नका, तिथूनच नखुरडं होतं. मग नख कोरडं झाल्यावर कानशीनं कड घासा, एकाच दिशेनं. पुढे-मागे घासल्यानं नखाचे पदर सुटतात. शेवटी कड जुन्या सुती कापडावरून फिरवा. धागा अडकला तर तिथे अजून खरखर आहे, आणि ती खरखर राउंडवाउंड (गोल तारेनं गुंडाळलेल्या) तारेच्या वेढ्यांवर ऐकू येते.

बोटाची नखं महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतात, म्हणजे आठवड्याला पाऊण मिलिमीटरच्या आसपास. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून टाका. नखं ‘वाढली की कापू’ म्हणणाऱ्याचा आवाज महिनाभर रोज थोडा थोडा बदलत राहतो आणि त्याला कारण सापडत नाही.

डाव्या हाताला तर सवलतच नाही. बोटाचं टोक फ्रेटबोर्डवर, म्हणजे फ्रेट नावाच्या धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या लाकडावर, उभं पडायला हवं. नख मध्ये आलं की बोट आडवं होतं, दाब कमी पडतो, तार कुरकुरते आणि लाकडावर ओरखडे उठतात ते वेगळेच. डाव्या हाताची नखं उजव्यापेक्षाही किंचित आखूड ठेवा. तबला वाजवणारी मुलं बासकडे आली की हा सगळा धडा मी वगळतो, त्यांची नखं आधीच जागेवर असतात.

क्लासिकल गिटार सोडायचीच नसेल तर? माझ्या विद्यार्थिनीचाही हाच प्रश्न होता. अशा वेळी बोटं थोडी आडवी धरून, नखाच्या खालच्या गादीनं तार ओढता येते. किंवा तळव्याची कड ब्रिजजवळ (बासच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे) तारांवर हलकी टेकवून अंगठ्याच्या बाजूच्या मांसल भागानं वाजवता येतं. हा दबका आवाज संथ गाण्यांना फार शोभतो. तारा फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या, गुळगुळीत) घेतल्या तर नखाचा खरखराट पुष्कळ कमी होतो. आणि काही वादक मुद्दाम नखाची किनार लावून वाजवतात, तो आवाज हवा असेल तर तेही योग्यच. अट एकच, तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची नखं सारखी हवीत. एका सुराला टक् आणि पुढच्याला नाही, असं झालं की ऐकणाऱ्याला ताल लंगडा वाटतो.

हात ठेवायचा कसा

बसून वाजवा किंवा उभं राहून, पट्टा असा बांधा की बास दोन्ही वेळा एकाच उंचीवर राहील. फार खाली लोंबणारा बास दिसायला रुबाबदार दिसतो, पण उजवं मनगट काटकोनात मोडतं आणि तासाभरात दुखायला लागतं. मनगट शक्य तितकं सरळ, खांदा सैल.

लोकलमधून उभं राहून, एका हातानं वरची कडी आणि दुसऱ्यानं गिग बॅग धरून आलेली बोटं पहिली दहा मिनिटं आपली नसतात. आल्या आल्या वाजवायला बसू नका. हात धुवा, नीट कोरडे करा, मुठी उघडा-मिटा. पावसाळ्यात तर ओल्या, सुरकुतलेल्या बोटांनी तार छेडूच नका. मऊ झालेली त्वचा लगेच सोलते, आणि दमट हवेत घाम राहिला की तारा गंजतात. गंजलेली तार बोटाला कानशीसारखी घासते. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुक्या कापडानं पुसा, खालच्या बाजूनेही.

अंगठा सुरुवातीला पिकअपवर टेकवा. हा खुंटा आहे, त्यावर वजन टाकू नका. पातळ तारांवर गेलात की अंगठा उचलून जाड ई तारेवर ठेवा. बोटांचा कोन सारखा राहतो आणि ई उगाच गुंजत नाही. बासवर नको असलेला सूर थांबवणं हे हवा असलेला सूर वाजवण्याइतकंच मोठं काम आहे, आणि अंगठ्याचं यात मोठं योगदान असतं.

मूळ स्ट्रोक

तर्जनीची गादी तारेवर ठेवा. किती आत? टोकापासून साधारण अर्धा सेंटीमीटर. आता तार वर उचलू नका. ती बासच्या अंगाला समांतर, स्वतःकडे, म्हणजे शेजारच्या जाड तारेच्या दिशेनं ओढा आणि बोटाला त्या शेजारच्या तारेवर जाऊन टेकू द्या. जाडीकडून पातळीकडे तारा ई, ए, डी, जी अशा असतात, म्हणून डी वाजवली की बोट ए वर विसावलं पाहिजे. ई वाजवली की अंगठ्यावर किंवा पिकअपवर. याला रेस्ट स्ट्रोक म्हणतात. बोट हवेत उडालं तर तार फ्रेटवर आपटते आणि कडकड येते. विसावलं तर तार आडवी हलते, आवाज भरीव राहतो, शिवाय शेजारची तार आपोआप गप्प बसते.

जोर बोटाच्या मुळाच्या सांध्यातून यावा. नुसतं टोक आकड्यासारखं वळवलं की ताकद संपते आणि नखही मध्ये येतं.

मग तर्जनी, मधलं, तर्जनी, मधलं. मेट्रोनोम 60 वर (मिनिटाला 60 ठोके), एका ठोक्याला एक सूर, मोकळ्या ए तारेवर पाच मिनिटं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण मधलं बोट लांब असतं, त्यामुळे ते तारेवर जास्त खोल जातं आणि त्याचा सूर जाड येतो. हाताला किंचित तिरपं करा, करंगळीकडची बाजू ब्रिजकडे वळेल इतकं, आणि मधलं बोट थोडं वाकवा. दोन्ही टोकं एका रेषेत आली की आवाज जुळतो.

जाड तारेकडे उतरताना बोट बदलू नका. जी मधून डी वर जाताना तर्जनी आधीच डी वर विसावलेली असते, तिलाच पुढे ओढा. चढताना मात्र पुन्हा आलटून पालटून.

एकच बोट वापरलं तर चालत नाही असं कुणी सांगितलं तर जेम्स जेमर्सन ऐका. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांतला बास त्यांनी मुख्यतः एका तर्जनीनं वाजवला. त्या बोटाला ‘हुक’ हे नाव पडलं होतं. हातात फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास आणि त्यावर जुन्या फ्लॅटवाउंड तारा. आपल्या मुंबईत राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास गिटार टोनी वाझ वाजवत. त्या काळची रेकॉर्डिंगं हेडफोन लावून ऐका आणि सूर सुरू होतानाचा क्षण पकडायचा प्रयत्न करा. तिथे बोट ऐकू येतं.

कुठे छेडावी, किती जोरात

नेकजवळ (बासच्या लांब मानेकडे) छेडलं की आवाज गोल आणि ऊबदार, ब्रिजजवळ छेडलं की कडक, टोकदार. अमेरिकन बासवादक जॅको पास्टोरियस यांचा बोलका आवाज बराचसा ब्रिजजवळच्या बोटांमुळे होता. अँपच्या बटणांना हात लावण्याआधी हात पाच सेंटीमीटर सरकवून पाहा. भावगीताला एक जागा, लावणीच्या ठेक्याला दुसरी.

जोराबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे मुंबईतली मुलं हमखास फसतात. घर दोन खोल्यांचं, भिंत पातळ, पलीकडे कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं. अँप लावता येत नाही, म्हणून कोरड्या बासवर रियाज होतो. सुट्या बासचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून नकळत बोट जोर लावतं. सहा महिन्यांत ती सवय हाडात मुरते. मग मंचावर अँप मिळाला की प्रत्येक सूर आपटतो, तार फ्रेटवर खडखडते आणि दुसऱ्या गाण्यात मनगट भरून येतं. यावर उपाय दोन. हेडफोनचा छोटा अँप घ्या, बासमध्येच लागणारे मिळतात. तो नसेल तर बासचा वरचा टोकाकडचा भाग, हेडस्टॉक, लाकडी कपाटाला हलकेच टेकवा. कपाट घुमायला लागतं आणि हळू छेडलेला सूरही स्पष्ट ऐकू येतो. ट्युनिंगचे खुंटे मात्र कपाटावर दाबले जाणार नाहीत हे बघा. आवाज मोठा करण्याचं काम अँपचं. बोटानं आपल्या पूर्ण ताकदीच्या निम्म्यावर वाजवावं, म्हणजे एखाद्या सुरावर ठासून भर द्यायला जागा उरते.

पहिल्या महिन्यात फोड येतील. फोडू नका, त्या दिवशी थांबा. पाणी आपोआप जिरतं आणि खालची त्वचा घट्ट होते. घट्टा पडला की तो खरखरीत असेल तेवढाच कानशीनं सपाट करा, काढून टाकू नका. बोटात मुंग्या किंवा मनगटापासून वर जाणारी कळ असेल तर मात्र फोडासारखं अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

दर रविवारी फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा. मोकळी ए तार, दोन बोटं आलटून पालटून, वीस सूर. मग डोळे मिटून ऐका आणि कुठला सूर तर्जनीचा, कुठला मधल्या बोटाचा ते ओळखायचा प्रयत्न करा. माझी ती विद्यार्थिनी पहिल्या आठवड्यात वीसही सूर बिनचूक ओळखायची. सातव्या आठवड्यात तिचे बारा चुकले, आणि तिनं ते रेकॉर्डिंग मला आनंदानं पाठवलं.