टोकियोच्या शांत उपनगरात एक दिवस पायी कसा घालवावा : कुहोनबुत्सु ते तामा नदी

टोकियोला आलेले पाहुणे पहिल्या तीन दिवसांत आसाकुसाचं देऊळ, शिबुयाचा चौक आणि स्कायट्री बघून घेतात. माझे आईबाबा साताऱ्याहून आले तेव्हा त्यांचंही तसंच झालं. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "हे सगळं बघितलं गं, पण इथली माणसं राहतात कुठे?" त्या दिवशी मी त्यांना ज्या वाटेने नेलं, तीच पुढे देते आहे. तेव्हापासून भारतातून आलेल्या प्रत्येकाला मी याच वाटेने नेते. अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर आहे आणि एकंदर उतार नदीकडे आहे. साठी-सत्तरीच्या माणसांनाही सावकाश चालत झेपतं.

दिवस निवडताना

मंगळवार ते गुरुवार यांतला एखादा दिवस धरा. शनिवार-रविवारी नदीकाठ आणि बागा भरतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी गल्ल्या खऱ्या अर्थाने त्यांच्या त्यांच्या असतात. घरून नऊनंतरच निघा, कारण साडेसात ते नऊ या वेळात लोकलमध्ये वयस्कर माणसांचे हाल होतात.

ऋतूही बघा. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा. जूनमध्ये पाऊस असतो, पण वाटेतल्या टेकडीवर आजिसाई, म्हणजे हायड्रेंजिया, निळ्या-जांभळ्या रंगात फुलतो, तेव्हा छत्री घेऊन जायलाही हरकत नाही. नोव्हेंबरअखेर गिंकोची झाडं पिवळी होतात. मला विचाराल तर हाच काळ सगळ्यात चांगला. फक्त डिसेंबरच्या सुरुवातीला साडेचारलाच सूर्य मावळतो हे धरून चाला. जुलै-ऑगस्टमध्ये आईवडिलांना नेऊ नका. तिथला दमट उन्हाळा आपल्या मे महिन्यापेक्षा जड जातो.

आदल्या रात्रीची तयारी

सुइका किंवा पास्मो या लोकलच्या प्रवासाच्या कार्डात हजारेक येन भरून ठेवा. पाच आणि दहा येनची सुटी नाणी घ्या, ती देवळात लागतात. हातरुमाल हवाच, कारण बागेतल्या स्वच्छतागृहात हात पुसायला कागद असेलच असं नाही. आणि एक रिकामी पिशवी. रस्त्यावर कचराकुंडी जवळपास नसतेच, आपला कचरा आपण घरी आणायचा असतो.

शाकाहारी असाल तर डबा घरूनच न्या. कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट किंवा लॉसनमध्ये, ओनिगिरी मिळतात. पण वरवर शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांतही दाशी, म्हणजे माशाचा अर्क, बऱ्याचदा असतो. वेष्टनावर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचा. आम्ही दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि केळी नेली होती. पाणी विकत घ्यायची गरज नाही. बाटली नळावर भरा, इथलं नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

पोहोचायचं कसं

शिबुयाहून तोयोको लाइनने जियुगाओकाला उतरा आणि तिथे ओइमाची लाइनची लोकल धरा. पहिलंच स्टेशन कुहोनबुत्सु. ओइमाची लाइनची एक्सप्रेस इथे थांबत नाही, तेव्हा गाडीवरची पाटी बघूनच चढा.

टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाईकडे आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्यासाठी शिबुयाची गर्दी टाळणारा दुसरा रस्ता आहे. तोझाई लाइनने ओतेमाचीला जा आणि तिथून मिता लाइन घ्या. या लाइनच्या बऱ्याच गाड्या मेगुरो लाइनवर तशाच पुढे जातात. काही मात्र शिरोकाने-ताकानावाला संपतात, तिथे फक्त मागून येणारी गाडी धरायची. ओओकायामाला उतरलात की ओइमाची लाइन तिथेच मिळते, आणि तीन स्टेशनं पुढे कुहोनबुत्सु.

पहिला मुक्काम : नऊ अमिताभ बुद्ध

कुहोनबुत्सु हे जोशिन-जी नावाच्या देवळाचं लोकांच्या तोंडचं नाव. स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर आहे. देऊळ १६७८ सालचं, आणि त्याआधी या जागेवर ओकुसावाचा किल्ला होता; त्याचे मातीचे तट अजून कडेने दिसतात. आत शिरताना यमाचं छोटं देऊळ लागतं. जपानीत त्याला एन्मा म्हणतात. बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले. आपला यमधर्म चीनमार्गे इतक्या दूर येऊन न्यायाधीशाच्या वेषात बसलेला पाहून त्यांना फार नवल वाटलं.

मुख्य मंदिरात शाक्यमुनी आहेत. समोरच्या बाजूला तीन मंदिरं, प्रत्येकात तीन, असे मिळून नऊ अमिताभ. प्रत्येकाची हस्तमुद्रा वेगळी. माणसाच्या साधनेप्रमाणे सुखावतीत, म्हणजे अमिताभांच्या स्वर्गलोकात, जन्म घेण्याच्या नऊ पायऱ्या आहेत अशी श्रद्धा आहे, आणि हे नऊ बुद्ध त्या पायऱ्यांचे. मुख्य मंदिराची बाजू म्हणजे हे जग आणि समोरची बाजू म्हणजे पैलतीर. या जगासाठीचा जपानी शब्द 'शाबा' संस्कृत 'सहा'वरून आला आहे. सहा म्हणजे जिथे सोसावं लागतं ते जग. मधलं अंगण ओलांडताना एवढं ध्यानात असलं की पुरे.

इथे निदान तासभर द्या. घाईत नऊ मूर्ती मोजून निघालात तर मुद्रांमधला फरक दिसत नाही. जुन्या गिंको आणि 'काया' नावाच्या वृक्षांखाली थोडं बसा.

दुसरा टप्पा : गल्ल्या वाचायला शिका

देवळातून देन-एन-चोफू स्टेशनापर्यंत वीसेक मिनिटांचं अंतर आहे. फोनवर फक्त दिशा बघा आणि मोठा रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांनी जा. आईच्या प्रश्नाचं उत्तर या गल्ल्यांतच मिळालं, म्हणून इथे चाल कमी करा.

बहुतेक गल्ल्यांना नावच नसतं. पत्ता रस्त्यावरून नाही तर ठोकळ्यावरून, म्हणजे गल्ल्यांनी वेढलेल्या घरांच्या गटावरून, ठरतो: आधी वस्ती, मग तिचा चोमे, म्हणजे क्रमांक दिलेला भाग, मग ठोकळ्याचा आणि घराचा आकडा. विजेच्या खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या छोट्या पाट्यांवर हे लिहिलेलं असतं. त्यांवरूनच कळतं की चालता चालता तुम्ही सेतागाया वॉर्ड सोडून ओता वॉर्डात शिरलात. रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'तोमारे', म्हणजे थांबा, लिहिलेलं असतं. वळणावर गोल आरसे असतात, समोरून सायकल येतेय का ते त्यात बघायचं. पदपथ नसेल तिथे पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने चालायचं असतं, आणि चौघे असाल तर एकामागे एक.

कोपऱ्यावर जाळी दिसेल. ती कचऱ्याच्या पिशव्यांवर टाकतात, नाहीतर कावळे त्या फोडतात. कोणत्या दिवशी कोणता कचरा याचं वेळापत्रक शेजारीच लावलेलं असतं. ऊन असेल तर सज्जांवर गाद्या वाळत घातलेल्या असतात. दाराशी कुंड्या. शरद ऋतूत झाडांवर पर्सिमॉनची तांबूस फळं लटकलेली असतात, आणि ऑक्टोबरच्या आसपास किनमोकुसेईच्या बारीक नारिंगी फुलांचा वास सगळ्या गल्लीत भरतो. आईला तो पारिजातकासारखा वाटला, मला नाही. पण ती त्या कुंपणापाशी डोळे मिटून उभी राहिली हे मला आठवतं.

एक गोष्ट मी मनापासून सांगते. ही कुणाची तरी घरं आहेत. दारावरच्या नावाच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळेतून परतणारी मुलं यांचे फोटो काढू नका. झाडांचे, रस्त्याचे, आकाशाचे खुशाल काढा. फोनवर मोठ्याने बोलू नका, व्हिडिओ कॉल तर नकोच. इथे दोन घरं पलीकडचं बोलणंही ऐकू येतं. कुणी समोर आलं तर हलकं झुकून 'कोन्निचिवा' म्हणा. चुकलात तर 'सुमिमासेन' म्हणून विचारा, किंवा कोबानमध्ये, म्हणजे छोट्या पोलीस चौकीत, जा. रस्ता सांगणं हे त्यांचं रोजचंच काम आहे.

तिसरा टप्पा : अर्धवर्तुळातलं गाव

देन-एन-चोफू स्टेशनाच्या पश्चिमेला उतरत्या छपराची एक छोटी युरोपीय धाटणीची इमारत आहे. १९२३ची ही स्टेशनाची जुनी इमारत रूळ जमिनीखाली नेताना १९९० साली उतरवली गेली आणि २००० साली पुन्हा उभारली. तिच्याकडे पाठ करून उभे राहा. समोर तीन रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे पसरतात आणि त्यांना अर्धवर्तुळाकार गल्ल्या छेदत जातात.

ही रचना मुद्दाम केलेली आहे. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्डने उद्याननगरीची कल्पना मांडली होती. तिच्यावरून उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी १९१८ साली कंपनी काढली आणि १९२३ साली इथले भूखंड विकायला सुरुवात झाली. तुमच्या पाकिटात दहा हजार येनची नवी नोट असेल तर ती काढून बघा, २०२४पासून तिच्यावर याच शिबुसावांचं चित्र आहे. विक्री सुरू होते न होते तोच १ सप्टेंबर १९२३ला कांतोचा महाभूकंप झाला. दाटीवाटीचं जुनं टोकियो जळालं आणि बाहेर राहायला जाण्याचा विचार कितीतरी कुटुंबांनी पक्का केला. रहिवाशांनी १९२६ साली आपली संघटना केली आणि १९८२ साली वस्तीची सनद लिहिली. उंच इमारती नाहीत, कुंपणं बहुतेक हिरवी, ही शिस्त अशी माणसांनी मागे लागून टिकवलेली आहे.

तरी बदल दिसतोच. एका मोठ्या जुन्या बागेशेजारी अचानक दोन-तीन नवी चिंचोळी घरं दिसतील. जपानमध्ये वारसा कराचा वरचा दर ५५ टक्के आहे. आईवडील गेल्यावर मुलांना जागा ठेवणं परवडत नाही, मग भूखंडाचे तुकडे होतात. हे ऐकून बाबांना साताऱ्यातले वाडे आठवले.

मधल्या गिंकोच्या रस्त्याने चढत जा आणि मग एखादी अर्धवर्तुळाकार गल्ली पकडून वळा. इथे हरवणं सोपं आहे, पण घाबरू नका. पंख्याच्या काड्यांसारखे ते रस्ते पुन्हा स्टेशनाकडेच आणतात. निघण्याआधी स्टेशनावरच्या स्वच्छतागृहात जाऊन या, पश्चिमेकडे दुकानं जवळजवळ नाहीत.

चौथा टप्पा : होराई बाग आणि टेकडी

नैऋत्येला होराई बाग लागते. ती छोटी, झाडांची आणि तळ्याची. तिथून थोडं पुढे तामागावादाई बाग सुरू होते. ती नदीच्या कडेकडेने पाऊण किलोमीटर पसरली आहे. डबा इथे खा. बाकं आहेत, खाली नदी दिसते, आणि दुपारी तिथे म्हातारी माणसं आणि कुत्री यांच्याशिवाय कुणी फारसं नसतं.

जेवून झाल्यावर ज्या उंचवट्यांमधून चालाल ते साधे उंचवटे नाहीत. ते कोफुन आहेत, जुन्या सरदारांच्या मातीच्या समाध्या. कामेनोकोयामा हा त्यांतला सगळ्यात मोठा, साधारण १०७ मीटर लांब, चौथ्या शतकातला. वरून पाहिला तर किल्ली घालायच्या भोकासारखा आकार. पण वर जाता येत नाही आणि झाडी दाट आहे, म्हणून कडेने चालत त्याची लांबी पावलांनी मोजा, तेव्हाच तो केवढा आहे ते कळतं. बागेतलं छोटं कोफुन प्रदर्शन मोफत आहे, आणि आत समाधीच्या खोलीची प्रतिकृती आहे. दक्षिण टोकाला पाणवनस्पतींची बाग लागते. ते पूर्वी पाणी गाळण्याचे हौद होते.

शेवटचा टप्पा : देऊळ आणि नदी

तामागावा स्टेशनाजवळ एका चढावर सेन्गेन देवस्थान आहे. सेन्गेन म्हणजे फुजी पर्वताच्या देवीचं स्थान. कामाकुराचा लष्करी शासक योरितोमो याची पत्नी मासाको हिने इथून फुजी पाहून प्रार्थना केली, अशी आख्यायिका सांगतात. थंडीतल्या स्वच्छ दिवशी या बाजूने फुजी खरोखरच दिसतो. पेटीत पाच येनचं नाणं टाका: 'गो-एन' या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध. दोनदा झुकायचं, दोनदा टाळी, मनात काय ते मागायचं आणि पुन्हा एकदा झुकायचं.

मग नदीवर उतरा. १३८ किलोमीटर वाहत येणारी तामा नदी इथे टोकियो आणि कानागावा यांची हद्द आहे. पलीकडे मुसाशी-कोसुगीचे उंच मनोरे दिसतात, अलीकडे गवतावर मुलं बेसबॉल खेळत असतात. सूर्यास्त उशिरा असेल तर पाचपर्यंत थांबाच. संध्याकाळी वस्तीतल्या भोंग्यांवरून एक साधी बालगीताची चाल वाजते. हिवाळ्यात काही ठिकाणी थोडी आधी. आपत्तीच्या वेळी सूचना देणारे भोंगे चालू आहेत ना, याची ती रोजची तपासणी. पण मुलांसाठी ती घरी जायची वेळ. आम्ही बसलो होतो तिथे ती वाजली आणि पाच-सहा पोरांनी काही न बोलता चेंडू उचलला, सायकली काढल्या आणि चढाने वर वस्तीकडे निघाली. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इथे राहतात."

परतीसाठी तामागावा स्टेशनावरून मेगुरो लाइनची मिता लाइनवर जाणारी गाडी घ्या. ओतेमाचीपर्यंत बदलावी लागत नाही. शिबुयाला जायचं असेल तर तोयोको लाइन. साडेपाचनंतर शहरातून घरी येणाऱ्यांची गर्दी समोरच्या दिशेने असते, त्यामुळे दमलेल्या माणसांना बसायला जागा मिळते.