नगरपरिषदेचे संकेतस्थळ सुधारण्यास मदत कशी करावी

संकेतस्थळ जुनाट आहे, एवढेच सांगून काही बदलत नाही. म्हणून आधी एखादे नित्याचे काम, उदाहरणार्थ जन्मदाखल्याचा अर्ज, स्वतःच्या मोबाइलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहावे आणि जिथे अडते त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवांची यादी, कालमर्यादा, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपिलीय अधिकारी (ज्याच्याकडे दाद मागायची तो) यांची माहिती सूचनाफलकाबरोबरच संकेतस्थळावरही देणे बंधनकारक आहे. ती ताडून पाहावी.

मी पाहिलेल्या एका संकेतस्थळावर पाणीपट्टीचे दरपत्रक आडवे स्कॅन करून चढवलेले होते. ते शोधात सापडत नव्हते आणि अंध व्यक्तीच्या मोबाइललाही वाचून दाखवता येत नव्हते. अशा वेळी तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाइल-संगणकावर वाचता आणि शोधता येणाऱ्या अक्षरांत टंकून, मूळ कागदाशी ओळ न् ओळ जुळवून मुख्याधिकाऱ्यांकडे द्यावा. तेथील कर्मचाऱ्यांना बहुधा इच्छा नव्हे, वेळ कमी पडतो, हे मनापासून सांगावेसे वाटते.

अर्ज लेखी द्यावा, आवक क्रमांकासह पोच घ्यावी, एका वेळी दोन-तीनच दुरुस्त्या सुचवाव्यात आणि त्या झाल्यावर तेच काम एखाद्या वयस्कर शेजाऱ्याच्या हातून पुन्हा करवून पाहावे.