धातूची कॅप निघाली? आधी सिमेंट कुठं राहिलंय ते बघा

दातावरून निघालेली धातूची कॅप पुन्हा चिकटवायची घाई करू नका. आधी कॅप आतून बघा, मग दात. सिमेंट सगळं दातावर आणि कॅप आतून लख्ख असेल, तर चूक धातूच्या बाजूला झाली. सिमेंट कॅपमध्ये आणि दात कोरा असेल, तर दातावर लाळ होती किंवा तात्पुरत्या सिमेंटमधलं युजेनॉल (लवंगेच्या तेलातलं द्रव्य) राहिलं होतं. दोन्हीकडं तुकडे असतील, तर सिमेंट नीट मिसळलं नव्हतं किंवा घट्ट होताना कॅप हलली. सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते पहिल्या प्रकाराकडं.

कॅपसाठी घासलेली दाढ निदान ४ मिमी उंच असेल आणि भिंती फार निमुळत्या नसतील, तर साधं जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट) पुरतं. दात आखूड असला की रेझिन सिमेंट घ्यावं लागतं, आणि तिथं कॅपचा आतला धातू कसा तयार केला हे निर्णायक ठरतं.

लॅबच्या स्लिपवर मिश्रधातूचं नाव लिहून मागा. निकेल-क्रोम आणि कोबाल्ट-क्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो. काही रेझिन सिमेंटांत आणि प्रायमरमध्ये (सिमेंटआधी लावायच्या द्रवात) असणाऱ्या एमडीपी या रेणूचं फॉस्फेटचं टोक त्या ऑक्साइडला धरतं, दुसरं टोक रेझिनमध्ये गुंफलं जातं. सोनं किंवा पॅलेडियम जास्त असलेल्या धातूवर असा ऑक्साइड जवळपास नसतो; तिथं गंधकयुक्त प्रायमर लागतो. कॅप सोन्याची आणि प्रायमरची बाटली नुसत्या एमडीपीची, असं झालं की सिमेंट कितीही भारी असो, पकड येत नाही.

आता सँडब्लास्टिंग, म्हणजे बारीक कणांचा मारा करून धातू स्वच्छ आणि खरखरीत करणं, म्हणजे पकड येते. शिरोलीच्या फाउंड्रीत रंग मारण्याआधी कास्टिंग ब्लास्ट करतात, त्यामागचं कारण हेच. ५० मायक्रॉन अ‍ॅल्युमिना, दाब २ ते ३ बार, नोझल साधारण १० मिमी दूर, १० ते १५ सेकंद, हात सतत फिरता. कॅपवर बाहेरून पोर्सिलेन चढवलं असेल, तर ते भाजताना आत काळपट, जाड ऑक्साइड बसतो. तो ठिसूळ असतो, सिमेंटसकट सुटून येतो. म्हणून आतला पृष्ठभाग एकसारखा मंद राखाडी दिसेपर्यंत थांबायचं नाही. एखादा ठिपका चमकला तर तिथं वाळू पोचलेली नाही. पोर्सिलेनची कड मात्र मेणानं झाका.

त्यानंतर अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिक क्लीनरला ५ मिनिटं, मग कोरडी हवा. ही हवा खरंच कोरडी आहे का? पावसाळ्यात कोल्हापुरातल्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. रोज सकाळी टाकी रिकामी करा आणि डेंटल चेअरच्या हवेच्या सिरिंजची हवा माउथ मिररवर मारून बघा. थेंब किंवा तेलकट डाग दिसला, तर तीच घाण कॅपमध्ये जाणार आहे.

ट्राय-इन, म्हणजे कॅप तोंडात बसवून बघणं, ब्लास्टिंगच्या आधी उरका. नंतर लाळ लागलीच, तर नुसतं पाण्यानं धुऊन भागत नाही, आणि फॉस्फोरिक अ‍ॅसिड तर धातूच्या आत लावूच नका. त्याचा फॉस्फेट एमडीपीची जागा अडवून बसतो. पुन्हा ब्लास्ट करणं सरळ.

प्रायमरचा एक पातळ थर द्या, सुकू द्या, धुऊ नका, आत बोट लावू नका. सिमेंटमध्येच एमडीपी असेल तर निकेल-क्रोमला वेगळा प्रायमर बहुधा लागत नाही. कंपनीचं पत्रक बघा. फ्रिजमधलं सिमेंट तासभर आधी, बंद पाकिटातच बाहेर काढा, नाहीतर त्यावर दव धरतं. एप्रिल-मे महिन्यात ते लवकर घट्ट होतं, म्हणून कॅप हाताशी तयार ठेवूनच मिसळा.

धातूतून प्रकाश जात नाही. त्यामुळं सेल्फ-क्युअर (आपोआप घट्ट होणारं) किंवा ड्युअल-क्युअर (आपोआप आणि प्रकाशानंही घट्ट होणारं) सिमेंटच वापरा. कॅपच्या आतल्या भिंतींना पातळ थर पुरे. काठोकाठ भरली तर कॅप पूर्ण बसत नाही आणि दात मिटताना ती उंच लागते. दाबून धरा, कडेला २-३ सेकंद लाइट द्या, जास्तीचं सिमेंट एका पट्टीत उचला. दोन दातांमधून गाठ मारलेला फ्लॉस आडवा ओढा, वर नको. मग कडेला ग्लिसरीन जेल लावून, पत्रकातली पूर्ण वेळ होईपर्यंत दाब सोडू नका. रेझिन हवेच्या संपर्कात नीट घट्ट होत नाही.

पेशंटला सांगा, पहिला दिवस त्या बाजूनं जपून. तांबडा-पांढरा रस्सा चालेल, मटणाची नळी फोडायची नाही.